कंपनी विकली गेली, शुक्रवारपर्यंत सही मागतायत... काय करू?

या आठवड्यात नाशिकच्या सिडकोतून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव द्यायचं नाही म्हणाले, कंपनीचंही नाही, म्हणून ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

"ताई, नमस्कार. अंबडच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मला ११ वर्षं ४ महिने झाले, क्वालिटीला सिनियर इंजिनिअर आहे. मागच्या महिन्यात मालकांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून सांगितलं की कंपनी पुण्याच्या एका ग्रुपने घेतलीय, त्यांचा चाकणला मोठा प्लांट आहे. एचआर म्हणाले काही बदलणार नाही, निश्चिंत राहा. आणि या सोमवारी प्रत्येकाच्या हातात एक पाकीट दिलं. आत दोन कागद. एक नवीन कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर आणि दुसरा म्हणजे आम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा देतो असं आधीच टाइप केलेलं पत्र. शुक्रवारपर्यंत सही करून द्या म्हणाले. पगार तेवढाच लिहिलाय. काही जणांनी लगेच सह्या केल्या. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी नववीत आहे, आई आमच्याजवळ असते आणि तिचं शुगर-बीपी कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे. घरी अजून काहीच सांगितलेलं नाही. नोकरी राहील का? सही करू का? आणि चाकणला पाठवलं तर?"

दादा, आधी सहीचं सांगते, कारण तुमच्याकडे वेळ तेवढाच आहे. तो राजीनाम्याचा कागद आहे तसा सही करू नका. नवीन अपॉइंटमेंट लेटरवर सही करायला हरकत नसेलही, ते वाचून ठरवू, पण 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' हे तुमच्या बाबतीत खरंच नाहीये ना, तुम्ही कुठे चाललाय वैयक्तिक कारणाने, कंपनी विकली गेलीय म्हणून तुम्हाला कागद दिलाय. जे खरं नाही त्याच्याखाली सही का करायची. आणि त्या एका ओळीने तुमची ११ वर्षं तिथेच संपतात, दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच गेटमधून त्याच मशीनसमोर नवीन माणूस म्हणून उभे राहता.

यात नेमकं जातं काय ते पैशात सांगते म्हणजे कळेल. धरून चला तुमचा बेसिक २२,००० आहे. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हिशोब म्हणजे साधारण शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, आणि मग वर्षांनी गुणायचं. वर्षाला साधारण १२,६९२ होतात, ११ वर्षांचे सुमारे १ लाख ३९ हजार ६००. आता तुम्ही राजीनामा दिला, हे पैसे घेतले आणि नवीन कंपनीत अजून ११ वर्षं काढली, आणि तोवर बेसिक ४०,००० झाला असं समजू. तर दुसऱ्या ११ वर्षांचे मिळतील २ लाख ५३ हजारच्या आसपास, दोन्ही मिळून ३ लाख ९३ हजार. तेच सेवा सलग धरली असती तर सगळी २२ वर्षं ४०,००० च्या बेसिकवर मोजली जातात, म्हणजे ५ लाख ७ हजार. १ लाख १४ हजारांचा फरक. आज हातात आलेले पैसे तुम्ही नीट गुंतवून ठेवले तर हा फरक कमी होईल हे खरं, पण असे अधेमधे आलेले पैसे गुंतवलेले मी फार कमी घरांत बघितलेत, त्यातून फ्रीज येतो, लग्नाचा आहेर जातो, कुणाचं तरी देणं फिटतं, आणि त्यात चूक काही नाही पण ते म्हातारपणासाठी उरत नाहीत.

याहून वाईट म्हणजे ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात. तुमचं घड्याळ शून्यावर आलं आणि नवीन मालकाने तीन वर्षांनी लाइन बंद केली, तर त्या तीन वर्षांची ग्रॅच्युइटी काहीच नाही. फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्यांना, आता एका वर्षानंतर मिळते, पण तुम्ही पर्मनंट आहात, तुम्हाला पाचच.

आणि एक गोष्ट जी पाकीट देताना कुणी बोलत नाही. कामगार कपात करायची वेळ आली तर कायद्याचा साधारण नियम असा आहे की त्या कॅटेगरीत जो शेवटी आला तो आधी जाणार. तुमची जॉइनिंग तारीख यावर्षीची झाली की त्या यादीत तुम्ही कुठे असाल बघा. कपातीची भरपाई पण पूर्ण केलेल्या वर्षांवर असते, दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. ११ वर्षं धरली तर साडेपाच महिन्यांचा पगार होतो, शून्य धरलं तर शून्य. म्हणून मला तुमच्या सगळ्या प्रश्नांत एकच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, मूळ जॉइनिंग तारीख कायम राहिली पाहिजे आणि ते लेखी पाहिजे. नोकरी राहील का याचं उत्तर आज नवीन मालकाकडे पण नसेल, पण तारखेचं उत्तर या आठवड्यात मिळू शकतं.

आता दुसरं, कंपनी नेमकी कशी विकली गेलीय ते शोधून काढा. हे कँटीनमधल्या भाषणात कळत नाही आणि सगळं यावरच अवलंबून असतं. एक प्रकार म्हणजे मालकाने फक्त शेअर्स विकले. कंपनी तीच, तिचा पॅन तोच, पीएफ कोड तोच, फक्त मालक बदलला. अशा वेळी तुम्हाला कुठलाच नवीन कागद सही करायची गरजच नसते, तुमचं जुनं अपॉइंटमेंट लेटर चालूच असतं. दुसरा प्रकार म्हणजे धंदाच विकला, कारखाना, मशिनरी, ऑर्डरी, माणसं सगळं उचलून दुसऱ्या कंपनीत टाकलं, त्याला स्लम्प सेल म्हणतात किंवा बिझनेस ट्रान्सफर. तुमचा मालक म्हणून जी कंपनी होती ती इथे खरोखर बदलते. तिसरा प्रकार विलीनीकरण, ते एनसीएलटीकडून, म्हणजे कंपन्यांच्या प्रकरणांच्या न्यायाधिकरणाकडून, मंजूर होतं, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली, आणि त्या स्कीममध्ये बहुतेक वेळा एक परिच्छेद असतो की सगळे कर्मचारी सेवा खंडित न होता आणि आधीपेक्षा कमी नाही अशा अटींवर नव्या कंपनीत जातील. तो परिच्छेद मागून घ्या, वाचा.

तुम्हाला नवीन अपॉइंटमेंट लेटर दिलंय म्हणजे बहुतेक दुसरा प्रकार असणार, पण नक्की करा. लेटरहेडवरचं कंपनीचं पूर्ण नाव आणि सीआयएन नंबर (कंपनीचा नोंदणी क्रमांक) तुमच्या जुन्या लेटरशी ताडून बघा, एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) वेबसाइटवर सीआयएन टाकला की कंपनी कुठली, कधी स्थापन झाली ते दिसतं. नाव आणि नंबर तोच असेल तर सरळ एचआरला विचारा की कंपनी तीच आहे तर राजीनामा कुणाकडून कुणाकडे.

नाशिकला हे काही नवीन नाही. सीजी पॉवर २०२० मध्ये मुरुगप्पा ग्रुपच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने घेतली, अंबडला तिचं काम चालूच आहे. एपकॉस टीडीकेकडे गेली. थिसेनक्रुपचा इथला इलेक्ट्रिकल स्टीलचा प्लांट २०२५ च्या सुरुवातीला जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईने मिळून घेतला. शेजारी नगरला एल अँड टीचं इलेक्ट्रिकलचं काम २०२० मध्ये श्नायडरकडे गेलं, ती मोठी स्लम्प सेल होती आणि हजारोंनी माणसं एका कंपनीतून दुसरीकडे गेली. गेटवरचा बोर्ड बदलला आणि शिफ्ट सुरू राहिली असं आपल्याकडे भरपूर वेळा झालंय. हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगतेय, आणि त्याचबरोबर हेही सांगते की या सगळ्या मोठ्या कंपन्या, त्यांच्याकडे वकील असतात, युनियन असते, कागद बरे असतात. मध्यम कंपनीत जिथे मालक आणि दोन एचआरची पोरं सगळं बघतात तिथे असा राजीनाम्याचा छापील कागद येतो, कधी मुद्दाम, कधी कुणीतरी सीए म्हणाला म्हणून. त्यामुळे एचआरवाल्यावर चिडून जाऊ नका, त्याला पण पाकीट मिळालेलं असेल.

कायदा काय म्हणतो ते पण सांगते. तुमच्या मर्जीशिवाय तुम्हाला एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे पाठवता येत नाही. फिलिप्सने कलकत्त्याचा टीव्हीचा कारखाना व्हिडिओकॉन ग्रुपकडे दिला होता, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये कोर्टाने हेच सांगितलं. जायचं नसेल तर कपात झाल्यासारखी भरपाई मागता येते. पण यात एक मेख आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफ होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तशीच तरतूद आहे, की सेवा खंडित झाली नाही, अटी आधीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी वर्षं धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील आहे, या तिन्ही गोष्टी असतील तर ट्रान्सफरच्या वेळी भरपाई मिळत नाही. म्हणजे कायद्यानेच मालकाला रस्ता दिलाय, सेवा सलग ठेव आणि भरपाई वाचव. एचआरला हे सांगा. त्यांच्या पण फायद्याचं आहे, राजीनामे गोळा करायची गरजच पडत नाही.

हे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. तुम्ही म्हणाल मी तर सिनियर इंजिनिअर, मी कुठला कामगार. पण हुद्द्यावरून ठरत नाही, काम काय करता त्यावरून ठरतं, टेक्निकल काम करणारा माणूस त्या व्याख्येत येतो. तुम्ही स्वतः गेज घेऊन माप घेता, रिपोर्ट करता, सीएमएमवर (माप घ्यायच्या मशीनवर) बसता, तर तुम्ही बसू शकता. तुमच्या हाताखाली दहा इन्स्पेक्टर आहेत, त्यांच्या रजा तुम्ही मंजूर करता, अप्रायझल तुम्ही लिहिता, तर अवघड आहे, कारण सुपरवायझरी काम आणि महिना १८,००० च्या वर पगार असला की संहितेप्रमाणे बाहेर. तुमच्या पत्रावरून मला हे कळत नाही, तुम्हीच रोजचं काम डोळ्यासमोर आणून बघा. व्याख्येत नाही बसलात तर तुमचं संरक्षण म्हणजे तुमचं लेटर आणि त्यात जे लिहून घ्याल तेवढंच, म्हणजे लिहून घेणं अजूनच जास्त गरजेचं.

तर शुक्रवारच्या आधी एचआरला एक मेल करा, तोंडी नको. भांडणाचा सूर नको, वकिली भाषा पण नको. साधारण असं लिहा: "आपण दिलेली कागदपत्रं मिळाली. नवीन कंपनीत काम करायला माझी तयारी आहे. मी वैयक्तिक कारणाने राजीनामा देत नाहीये, व्यवसाय हस्तांतरित होत असल्यामुळे माझी बदली होतेय, त्यामुळे राजीनाम्याऐवजी ट्रान्सफर लेटर द्यावं. त्यात माझी मूळ जॉइनिंग तारीख कायम असेल, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा आणि कपातीची भरपाई यासाठी मागची सगळी सेवा धरली जाईल, आणि सध्याच्या अटींपेक्षा कमी अटी नसतील असं नमूद करावं. ते मिळाल्यावर मी लगेच सही करतो." एवढंच. जुनी कंपनी, नवी कंपनी आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्यांचा कागद झाला तर सर्वात उत्तम. मेल करताना स्वतःच्या पर्सनल मेलवर कॉपी ठेवा.

एकट्याने करू नका. तुमच्या डिपार्टमेंटमधले अजून सही न केलेले जे कोणी असतील ते पाच-सात जण मिळून तोच मेल पाठवा. युनियन असेल तर कमिटीकडे जा, नाशिकमध्ये कामगार संघटना जुन्या आहेत आणि त्यांना असले कागद पाठ आहेत. नसेल तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जाऊन नुसती माहिती विचारता येते, तक्रारच करायला पाहिजे असं नाही. ज्यांनी सह्या करून टाकल्यात त्यांना घाबरवू नका, त्यांनीही मेल करावा की सही कंपनी हस्तांतरणामुळे मागितली म्हणून दिली, वैयक्तिक कारण नव्हतं. पाकीट सगळ्या कंपनीला एकाच दिवशी वाटलं गेलंय ही गोष्टच त्यांच्या बाजूची आहे, एवढ्या सगळ्यांना एकाच आठवड्यात वैयक्तिक कारण कसं आलं असं कुणीही विचारेल.

नवीन लेटर वाचताना पगाराच्या आकड्यावर थांबू नका. एकूण पगार तेवढाच ठेवून आतलं सगळं हलवता येतं. आधी जे फिक्स होतं त्यातलं किती व्हेरिएबल केलंय ते बघा. नोटीस पीरियड एक महिन्याचा तीन महिने झालाय का, प्रोबेशन तर लिहिलेलं नाही ना (११ वर्षांच्या माणसाला प्रोबेशन कशासाठी, ते काढायलाच लावा), बदलीचं कलम कसं आहे, शिल्लक रजा कॅरी फॉरवर्ड आहेत का. कंपनी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही असलं कलम असेल तर त्याला फार भिऊ नका, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी साधारणपणे टिकत नाही, कंपनीची ड्रॉइंग आणि माहिती बाहेर न नेणं मात्र पाळावंच लागतं.

पीएफचं थोडक्यात. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. नवीन कंपनीचा कोड वेगळा असला तर जुनं खातं ट्रान्सफर करा, काढू नका, कुणी कितीही म्हणालं की काढून घे तरी. ५ वर्षांच्या सलग सेवेचा टॅक्सचा फायदा आणि पेन्शनची १० वर्षं ही जोडलेल्या सेवेवर मोजली जातात. पासबुक उघडून बघा की शेवटच्या महिन्यांचे पैसे खरंच भरले गेलेत का, विकायला निघालेल्या कंपन्या कधीकधी इथे मागे पडतात. हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतची थकबाकी असेल तर त्याला जुना आणि नवा दोन्ही मालक जबाबदार असतात, फक्त ती लवकर दाखवून द्यायला हवी.

आईच्या मेडिक्लेमचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला ते हप्त्याच्या खालोखाल गंभीर वाटतं. नवीन ग्रुपच्या पॉलिसीत आईवडील असतीलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी फक्त नवरा-बायको-मुलं असतात, किंवा आईवडील हवे तर प्रीमियम स्वतः भरा. आजच विचारा की जुनी पॉलिसी कुठल्या तारखेपर्यंत चालू आहे आणि नवीन कधी सुरू होतेय, मध्ये एक दिवसही मोकळा नको. आणि आई नवीन पॉलिसीत बसत नसेल तर ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, ते जुनं कव्हर चालू असतानाच करावं लागतं, त्यात आधी काढलेली वर्षं वेटिंग पीरियडसाठी धरली जातात. शुगर-बीपी असलेल्या माणसाची नव्याने पॉलिसी काढायला गेलात तर काय काय विचारतात आणि किती थांबायला लावतात ते तुम्हाला माहीतच असेल.

आता नोकरी राहील का. खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन महिने काहीच होत नाही, आणि त्यामुळे लोकांना वाटतं की एचआर बरोबर म्हणत होते. नवीन लोक येतात, प्लांट फिरतात, प्रेझेंटेशन होतात, जॅकेट वाटतात. मग हळूहळू जे दोन्हीकडे आहे ते एक करायला सुरुवात होते. अकाउंट्स, पर्चेस, एचआर, आयटी, यांचा नंबर आधी लागतो कारण चाकणला तेच काम करणारे बसलेत. मग सिस्टिम बदलतात, इथलं सॉफ्टवेअर जातं आणि त्यांचं येतं, त्या काळात सगळ्यांची चिडचिड फार होते आणि चांगली माणसं कंटाळून सोडतात. प्रॉडक्शन आणि क्वालिटीला हात शेवटी लागतो. पण कंत्राटी पोरांचं तसं नाही, त्यांना कुठलं पाकीट पण मिळत नाही, ठेकेदार बदलला की एका दिवसात गेट पास बंद. तुमच्या लाइनवरचे जे असतील त्यांना एवढं नक्की सांगा की आपला पीएफ आपल्या यूएएनमध्ये जमा होतोय का ते आत्ताच तपासा आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

तुमचं स्वतःचं ठरतं ते यावर की चाकणच्या प्लांटमध्ये तोच माल बनतो का. वेगळा माल असेल तर अंबडचं युनिट त्यांना हवंच होतं म्हणून घेतलंय. तोच माल असेल तर आज ना उद्या कुणीतरी एक्सेल काढून बघणार की दोन ठिकाणी कशाला. पण क्वालिटीवाले म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय की ऑटोमध्ये लाइन उचलून दुसऱ्या गावात ठेवली की झालं असं नसतं, जागा बदलली की ग्राहकाकडे पीपॅप, म्हणजे पार्टची मंजुरी, परत करावं लागतं, ट्रायल, सॅम्पल, ऑडिट, यात महिने जातात. इथले कितीतरी व्हेंडर महिंद्राला, बॉशला माल देतात आणि जवळ असणं हाच त्यांचा अर्धा धंदा असतो. ज्या माणसाला प्रत्येक पार्टचा इतिहास माहितीय, कुठल्या कस्टमरची कुठली तक्रार कधी आली आणि कशी बंद केली हे माहितीय, तो या काळात फार कामाचा असतो. तुम्ही त्या जागेवर आहात. नवीन टीम प्लांटला आली की मागे उभे राहू नका, पुढे होऊन आपली लाइन दाखवा.

त्याच वेळी बाहेर पण बघत राहा, त्यात बेइमानी नाही. रिझ्युमे अपडेट करा, सातपूर, गोंदे, सिन्नरला ओळखीत सांगून ठेवा. फक्त घाबरून स्वतःहून राजीनामा देऊ नका, हातात दुसरं लेटर असल्याशिवाय तर नाहीच, कारण कपात झाली तर भरपाई आहे, सोडून गेलात तर नाही. नवीन संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी अजून १५ दिवसांचा पगार रीस्किलिंग (नवीन कौशल्य शिकण्यासाठीच्या) फंडातून मिळायची तरतूद आहे, आणि नोकरी संपली की राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते, आधी ही मर्यादा १०० होती, तुमच्याकडे किती आहेत ते मोजा.

आणि आज रात्री जमलं तर एक काम करून टाका. तुमचं पहिलं अपॉइंटमेंट लेटर, सगळी इन्क्रिमेंट लेटरं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, रजेचा बॅलन्स, हे सगळं एचआर पोर्टलवरून डाउनलोड करून घरी ठेवा. सिस्टिम बदलली की जुनं पोर्टल बंद होतं, जुना मेल आयडी बंद होतो, आणि मग ११ वर्षांचा पुरावा मागायला तुम्ही कुणाकडे जाणार, जुना एचआर तर आधीच गेलेला असतो. फक्त स्वतःचे कागद घ्या, कंपनीचं एकही ड्रॉइंग किंवा कस्टमरची फाइल नको.

घरी सांगा दादा. वहिनींना आज सांगा, हे पत्र त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल. तुम्ही महिनाभर एकटे हे घेऊन फिरताय आणि त्यांना काहीतरी झालंय हे कळलेलंच असणार, फक्त काय ते माहीत नसल्याने त्या याहून वाईट कल्पना करत असतील. दोघांनी बसून हिशोब करा, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला निघतात का, नसतील निघत तर कुठला खर्च पुढे ढकलता येतो. नवीन कर्ज, नवीन गाडी या वर्षी नको. मुलीला पण साध्या शब्दांत सांगा, नववीतली पोर आहे, तिला कळतं.

चाकणचं शेवटी घेतलं कारण ते आत्ता समोर नाहीये. जुन्या लेटरमध्ये 'भारतात कुठेही बदली' असं कलम असेल तर नाही म्हणणं कठीण जातं, तसं नसेल तर नवीन लेटरमध्ये ते घालू देऊ नका, कामाचं ठिकाण अंबड, नाशिक असं लिहून मागा. नाहीच ऐकलं तर निदान एवढं मागा की बदली करायची तर तीन महिने आधी लेखी सांगतील आणि सामान हलवायचा, घरभाड्याचा खर्च देतील. मुलीची पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा बोलणी करताना हे स्पष्ट सांगा की बोर्डाची परीक्षा होईपर्यंत नाशिक सोडणार नाही, त्यानंतर विचार करू. असं कारण सांगितलं की बरेच मॅनेजर ऐकतात, त्यांच्याही घरी कुणीतरी दहावीला असतंच. मेलला काय उत्तर येतं ते मला कळवा, आणि ट्रान्सफर लेटर दिलं तर सही करायच्या आधी नावं झाकून त्याचा फोटो पाठवा, मी वाचून सांगते.